पुरानंतर नदीकाठी तंबू टाकायचा आहे? गोव्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चतुर्थी आटोपली आणि पावसाने थोडी उघडीप दिली की विचारणा सुरू होते: म्हादईच्या काठी एक रात्र काढायची आहे, कुठे जाऊ? कुशावतीला पाणी किती आहे? तंबू कुठे टाकू देतील? सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांत नदीकाठी मुक्काम करू पाहणाऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सामानावर फारसे लिहिलेले नाही. जागा कशी निवडायची आणि गावाशी कसे वागायचे, यावर मात्र सविस्तर लिहिले आहे. नदीकाठच्या मुक्कामात जिवावर बेतते ते बहुतेक वेळा जागा चुकल्यामुळे, आणि ती जागा चुकीची आहे हे गावातल्या कोणाला तरी आधीपासून ठाऊक असते.

पाऊस थांबला की लगेच निघता येईल का?

नाही. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत रेंगाळतो. सप्टेंबरअखेरीस चार दिवस ऊन पडले की पावसाळा संपला असे वाटते. पण परतीचा पाऊस दुपारनंतर ढग जमवतो, विजांसह कोसळतो आणि तास-दोन तासांत व्हाळ (ओढे) भरून टाकतो. काणकोणात २ ऑक्टोबर २००९ रोजी काय झाले ते त्या भागातली माणसे आजही सांगतात. गांधी जयंतीच्या त्या दिवशी डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, तळपण आणि गालजीबाग नद्या एकाएकी फुगल्या, घरे गेली, माणसे गेली. कॅलेंडर पाहून सहल ठरवणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी.

आमच्या मते नदीकाठच्या मुक्कामाला नोव्हेंबरचा मध्य उलटल्यावरच सुरुवात करावी. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत नौका सोडतात, त्या सुमारास बहुतेक नद्या निवळलेल्या असतात, काठ बऱ्यापैकी वाळलेला असतो आणि रात्री गारवा सुरू झालेला असतो. डिसेंबर-जानेवारी सर्वांत उत्तम. मार्चनंतर पाणी आटते, उकाडा वाढतो आणि रानात वणव्याची भीती असते.

आभाळ निरभ्र असताना नदी कशी काय वाढते?

कारण तुमच्या नदीचा पाऊस तुमच्या डोक्यावर पडत नाही. म्हादई कर्नाटकात खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ उगम पावते आणि सह्याद्री उतरून सत्तरीत येते. गोव्यात तिची लांबी साधारण ५२ किलोमीटर. एवढ्या आखूड नद्यांना घाटात पडलेले पाणी खाली आणायला फार वेळ लागत नाही. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या माथ्यावर संध्याकाळी काळे ढग दाटलेले दिसले आणि खाली वाळपईत चांदणे असले, तरी ती रात्र काठावर काढू नये.

दुसरे कारण धरणे. तिळारीचे धरण महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यात आहे, पण तिथून सोडलेले पाणी पुढे गोव्यात शापोरा नदीतून वाहते. ऑगस्ट २०१९ मध्ये या विसर्गाने डिचोलीतले साळ आणि पेडण्यातले इब्रामपूर, हणखणे या गावांत पाणी शिरले होते. सत्तरीत केरी येथील अंजुणे धरणाचे दरवाजे उघडले की वाळवंटी वाढते. सांगेतल्या साळावलीची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या सांडव्याला दरवाजेच नाहीत, धरण भरले की पाणी आपोआप गोल तोंडातून खाली पडू लागते. म्हणजे तिथे ‘आज दरवाजे उघडणार आहेत का’ हे विचारण्यात अर्थ नाही, धरण किती भरले आहे हे विचारावे.

नदी वाढू लागल्याची चिन्हे अशी: निवळ पाणी अचानक गढूळ होते, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागतो, पाण्याचा आवाज जड होतो, मघाशी दिसत असलेला दगड आता दिसत नाही. यांतले एकही चिन्ह दिसले तरी खात्री करत बसू नये, वर चढावे. मुक्कामाला पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवावी. दर तासाला तिच्याकडे नजर टाकली की वाद घालायची वेळ येत नाही.

हवामान खात्याचा इशारा कसा वाचायचा?

भारतीय हवामान खात्याच्या मोजणीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार, आणि त्याच्यावर अत्यंत जोरदार. यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. काठावरच्या मुक्कामासाठी आमचा नियम याहून कडक आहे: यलो असला तरी बेत पुढे ढकलायचा. आणि फक्त गोव्याचा अंदाज पाहून थांबू नका. म्हादईला जात असाल तर बेळगाव जिल्ह्याचा, शापोऱ्याला जात असाल तर सिंधुदुर्गाचा अंदाजही पाहा. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ हे सरकारी ॲप मोबाईलवर ठेवावे.

जागा कशी निवडायची?

काठावर पोहोचल्यावर पाण्याकडे पाहण्याआधी झाडांकडे पाहा. पूर ओसरतो, पण आपली रेघ मागे ठेवून जातो. फांद्यांत अडकलेले गवताचे पुंजके, प्लॅस्टिकच्या पिशव्या, नारळाची सोडणे, खोडावर एका उंचीपर्यंत चढलेला चिखलाचा रंग, प्रवाहाच्या दिशेने आडवे पडलेले बांबू. ही रेघ कधी कधी तुमच्या डोक्याच्या वर असते. नवख्या माणसाला ते खरेच वाटत नाही, कारण नदी त्या वेळी खाली, दूर, घोट्याएवढ्या पाण्याने वाहत असते.

यंदाची रेघ सापडली की तेवढ्यावर थांबू नका. गावातल्या जुन्या माणसाला विचारा की २०२१ ला पाणी कुठपर्यंत आले होते. २३ जुलै २०२१ च्या पुराने सत्तरी, डिचोली, फोंडा आणि धारबांदोड्यात शेकडो घरांचे नुकसान केले. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तो १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर असल्याचे सांगितले होते. त्याच दिवशी दूधसागर आणि सोनावळी स्थानकांमध्ये दरड कोसळून रेल्वेगाडीचे डबे घसरले होते. नदीकाठच्या प्रत्येक वाड्यावर त्या पुराची खूण कोणीतरी दाखवतोच: देवळाची पायरी, घराचा चौथरा, अमुक फणसाचा बुंधा. तुमचा तंबू त्या खुणेच्या वर असावा. खालच्या अंगाला कितीही सुंदर जागा असली तरी ती दिवसा बसायला ठेवा, झोपायला वर जा.

त्यानंतर पायाखालची जमीन. पुराने काठ आतून पोखरलेला असतो. वरून हिरवे गवत, खाली पोकळी. काठाच्या कडेला समांतर भेग दिसली तर तिच्या अलीकडे तंबू नको, पलीकडे तर नकोच नको. ती जागाच सोडावी. आंब्याची, जांभळाची, अर्जुनाची झाडे मुळे उघडी पडून काठावर तोल सांभाळत उभी असतात आणि वारा नसतानाही कोसळतात. शिवाय डोंगराच्या उताराला, जिथे पावसाळ्यात माती सरकलेली दिसते, त्याच्या पायथ्याशीही थांबू नये. पाण्यापासून दूर जाण्याच्या नादात बरेच जण नेमके तिथे जातात.

नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर किंवा बेटावर मुक्काम करता येईल का?

करू नये, कोणत्याही महिन्यात. दोन्ही बाजूंनी पाणी असलेल्या जागेतून अंधारात बाहेर पडायला वाट राहत नाही.

काठावर मऊ, सपाट, मोकळी जमीन दिसते. तिथे तंबू टाकला तर काय बिघडते?

ती बहुधा कोणाची तरी शेती असते. सत्तरीत म्हादई आणि तिच्या उपनद्यांच्या काठी पुरण शेती होते. पुराने आणून टाकलेल्या गाळावर, पाणी ओसरल्यानंतर, लोक भाताचे पीक घेतात. तुम्हाला रिकामे दिसणारे ते सपाट मैदान कोणीतरी श्रमाने बांध घालून, नदीकडून जपून घेतलेले असते. पुराने अनेकांचे खरिपाचे भात आधीच नेलेले असते आणि वर्षाची उरलेली आशा त्या गाळात असते. चार तंबूंच्या खुंट्या आणि दहा जणांची ये-जा त्या वाफ्याची नासाडी करायला पुरेशी आहे.

तीच गोष्ट खाली खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात. मांडवी (म्हादईचेच खालच्या टप्प्यातले नाव) आणि जुवारीच्या काठचे बांध म्हणजे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून पिढ्यान् पिढ्या राखलेली मातीची भिंत. पुरानंतर ते कमकुवत झालेले असतात. बांधावर गाडी घालू नका, तंबूसाठी माती खणू नका, आणि मानशीच्या दरवाजांना हात लावू नका. भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडण्याचे काम त्या दरवाजांवर चालते, आणि एका रात्रीच्या खाऱ्या पाण्याने आतले पीक जाते.

रात्री पाऊस नव्हता, धरणही नाही, तरी सकाळी पाणी तंबूपर्यंत आले. असे का होते?

दोन शक्यता आहेत आणि दोन्ही गोव्यात नेहमीच्या.

पहिली भरती. मांडवीत भरतीचे पाणी समुद्रापासून थेट उसगाव-गांजेच्या परिसरापर्यंत जाणवते. जुवारी आणि शापोराही आतपर्यंत भरतीच्या अमलाखाली असतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पातळीतला फरक दोन मीटरांच्या वर जातो. दुपारी ओहोटीच्या वेळी पाहिलेला कोरडा काठ पहाटे पाण्याखाली असू शकतो. खालच्या अंगाच्या नद्यांना जाताना पंचांग किंवा भरतीचे वेळापत्रक पाहूनच जा. काठावर खारफुटीची झाडे दिसली, तर भरती इथपर्यंत येते हे समजावे.

दुसरी शक्यता बंधारा. पावसाळा संपला की जलस्रोत खाते गावोगावच्या बंधाऱ्यांना फळ्या बसवते, म्हणजे उन्हाळी शेतीला आणि कुळागरांना (नारळ-सुपारीच्या बागांना) पाणी पुरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फळ्या बसल्या की वरच्या अंगाचे पाणी हळूहळू चढते आणि मागे बराच दूरपर्यंत तुंबते. गेल्या आठवड्यात मित्राने पाठवलेल्या फोटोतली जागा तुम्ही जाईपर्यंत राहिलेली नसते. खालच्या बाजूला बंधारा आहे का आणि फळ्या घातल्या का, हा प्रश्न गावात अवश्य विचारा. आणि त्या फळ्या कोणत्याही कारणाने काढू नका.

परवानगी कोणाची लागते?

जमीन कोणाची आहे त्यावर ते ठरते. गोव्यात नदीकाठची जमीन खाजगी भाटकाराची (जमीनदाराची) असते, कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) असते, देवस्थानची असते किंवा वनखात्याची असते. ‘नदी सगळ्यांची’ म्हणून काठ मोकळा होत नाही. खाजगी जमिनीत मालकाचा होकार घ्या, आणि त्याच्या जोडीला पंचायतीला किंवा पंच सदस्याला कळवून ठेवा. त्यामुळे रात्री दिवे पाहून गावकरी काळजीने धावत येत नाहीत, आणि अडचणीच्या वेळी तुम्ही कुठे आहात हे कोणाला तरी माहीत असते.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ज्याचे घर नदीजवळ आहे अशा कुटुंबाच्या अंगणात किंवा कुळागरात, पैसे देऊन, त्यांच्या देखरेखीखाली तंबू टाकणे. त्यात संडास मिळतो, विहिरीचे पाणी मिळते, उकड्या तांदळाची पेज मिळते आणि नदी वाढली तर हाक मारणारे माणूस मिळते.

अभयारण्यात तंबू टाकता येतो का?

स्वतःच्या मर्जीने नाही. म्हादई, भगवान महावीर (मोले), नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये सह्याद्रीच्या पट्ट्यात जवळजवळ सलग पसरली आहेत, आणि गोव्यातल्या बहुतेक सुंदर नद्यांचे वरचे टप्पे त्यांच्या हद्दीत येतात. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रात्री थांबणे गुन्हा आहे. म्हादईच्या रानात वाघ आहेत. जानेवारी २०२० मध्ये तिथे चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले, त्याची जखम या भागात अजून ताजी आहे. गवे, बिबटे, अस्वले आहेत. शापोरा खोऱ्यात तिळारीकडचे हत्ती अधूनमधून येतात. रानात राहायचेच असेल तर बोंडला किंवा खोतीगावला वनखात्याच्या सोयींची चौकशी करा.

देवराईत आणि राखणदाराच्या (गावाच्या रक्षक देवाच्या) जागेत मुक्काम करू नये, परवानगी मागूही नये. गावाने शतकानुशतके कुऱ्हाड लावू न दिलेली ती राने आहेत. दिवसा, गावातल्या माणसाबरोबर, चपला बाहेर काढून पाहून यावे.

पोहता येईल का?

पावसाळ्यात जिल्हाधिकारी दरवर्षी नद्या, धबधबे आणि बंद पडलेल्या खाणींच्या खंदकांत उतरण्यावर बंदीचा आदेश काढतात. आदेशाची मुदत संपली म्हणून धोका संपत नाही. पुराने नदीचा तळ बदललेला असतो. गेल्या वर्षी छातीएवढे पाणी असलेल्या जागी यंदा डोह असतो, डोहाच्या जागी गाळ. ओंडके, तारेची कुंपणे, तुटलेल्या साकवाच्या (छोट्या पुलाच्या) सळया पाण्याखाली अडकलेल्या असतात. कोंडीचे (नदीतल्या खोल डोहाचे) पाणी वरून स्थिर दिसते आणि खाली ओढते. ज्या कोंडीत गावची मुले उतरत नाहीत तिथे तुम्ही उतरू नका.

खाणींच्या खंदकांबद्दल स्पष्ट सांगतो. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांत बंद खाणींमध्ये निळेहिरवे पाणी साठलेले दिसते. फोटो फार छान येतात. पण कडा सरळ तुटलेल्या असतात, उथळ असा भाग नसतोच, आणि भिजलेली माती हाताला धरू देत नाही. तिथे काठावर बसायचेही टाळा.

मगरी खरेच आहेत का?

आहेत. कुंभारजुवे कालव्यात त्या पिढ्यान् पिढ्या राहत आहेत, मांडवी आणि जुवारीतही दिसतात. फोंडा तालुक्यातल्या खाजनकाठच्या गावांत पौष अमावस्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, ती मानगे थापणी. इतक्या जवळचा हा शेजार आहे. पुरात मगरी नेहमीच्या जागा सोडून दुसरीकडे जातात आणि हिवाळ्यात सकाळी उन्हाला काठावर येऊन पडतात. अशा पाण्याच्या कडेला भांडी घासू नका, मासळी साफ करू नका, कुत्रा नेऊ नका, आणि अंधारात पाण्याजवळ जाऊ नका.

नदीचे पाणी पिता येईल का?

पुरानंतरच्या काही महिन्यांत नको. संडासांच्या टाक्या, गोठे, मेलेली जनावरे, सगळ्यांवरून ते पाणी आलेले असते. घरून पाणी न्या, माणशी दिवसाला चार लिटर पिण्या-शिजवण्याला धरा. संपलेच तर गावातल्या नळाचे पाणी आणा आणि उकळी आल्यावरही मिनिटभर खळखळू द्या. गढूळ पाणी आधी फडक्यातून गाळा, मग उकळा. तुरटीने पाणी निवळते, निर्जंतुक होत नाही.

आजारांची काळजी कशी घ्यावी?

दोन आजारांची नावे लक्षात ठेवा.

लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुत्रातून साचलेल्या पाण्यात आणि चिखलात पसरतो आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतो. चिखलात अनवाणी चालू नका. खरचटले असेल तर पट्टी लावून वर गमबूट घाला. आधीच प्रतिबंधक गोळी घ्यावी का हे डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने घेऊ नका. घरी आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले, तर डॉक्टरांना ‘मी पुराच्या चिखलात चाललो होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. रोगनिदान त्यावर अवलंबून असते.

दुसरा माकडताप. सत्तरीत २०१५ पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून होतो आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका मुक्कामाचा. वाळक्या पानांवर थेट बसू-झोपू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, संध्याकाळी अंग तपासा. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, लगेच जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.

डासांसाठी मच्छरदाणी आणि मलम न्यावे.

साप?

पुराने बिळे भरतात, त्यामुळे साप उंच, कोरड्या जागा शोधतात, आणि तुम्हीही तेच शोधत असता. नाग, घोणस, मण्यार, फुरसे हे चारही विषारी साप इथे आहेत. ओढ्याकाठच्या झुडपांत चापडा हा हिरवा विषारी साप फांदीला बिलगून बसतो आणि पानांत दिसत नाही. तंबूची चेन कायम लावलेली ठेवा, बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला, बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, आणि पुराने साठवलेला पालापाचोळा व लाकडे हाताने उपसू नका.

चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, शांत ठेवून १०८ ला फोन करा. मोठ्या उपचारासाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळे आहेत. निघण्यापूर्वी तुमच्या जागेपासून सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र कोणते आणि तिथे सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का, हे फोन करून विचारून ठेवा.

सामान काय न्यावे?

जमिनीची ओल वर येते म्हणून तंबूखाली जाड ताडपत्री, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कपडे आणि मोबाईल, माणशी एक बॅटरी, पंधरा-वीस मीटर मजबूत दोर, शिट्टी, प्रथमोपचार पेटी. बाकी तुम्हाला माहीत आहेच.

चूल पेटवता येईल का?

पर्यटनस्थळांवर उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे यांवर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. खाजगी जागेत मालकाला विचारून लहान गॅस वापरा. काठावर वाहून आलेली लाकडे जळणाला घेण्याआधी विचारा, गावातले लोकही ती गोळा करतात. खरे म्हणजे जेवण शेजारच्या घरी सांगितले तर तुमचा वेळ वाचतो आणि त्या घराला दोन पैसे मिळतात.

कचरा आणि शौचाचे काय?

आणलेले सगळे परत न्यायचे, संत्र्याची सालसुद्धा. शौचाला पाण्यापासून किमान साठ मीटर दूर, हातभर खोल खड्डा. साबण, शाम्पू नदीत नको. तुमच्या खालच्या अंगाला पाण्याची योजना असते हे आठवा: फोंडा-पणजी भागाच्या नळांचे पाणी ओपा येथे खांडेपार नदीतूनच घेतात.

ज्या गावाचे पुरात नुकसान झाले तिथे मौजेला जाणे बरे दिसते का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. विचारणाऱ्यांचे मनापासून कौतुक वाटते. आधी फोन करून गावातल्या माणसाला विचारा. घरांची डागडुजी चालू असेल, विहिरी उपसत असतील, तर त्या महिन्यात जाऊ नका. पुढच्या महिन्यात जा. गेल्यावर पडलेल्या घरांचे, भिजलेल्या संसाराचे फोटो काढू नका. भाजी, नारळ, केळी, जेवण, वाट दाखवणे, यांचे पैसे घासाघीस न करता द्या. मदत करायची इच्छा असेल तर काय लागते ते विचारून न्या. जुने कपडे तिथे आधीच ढिगाने आलेले असतात.

आणि आवाज. नदीच्या खोऱ्यात स्पीकरचा आवाज पलीकडच्या वाड्यापर्यंत जातो. ज्यांनी जुलैच्या रात्री पाण्याचा आवाज ऐकत जागून काढल्या, त्यांना आता शांत झोप मिळू द्या.

लहान मुलांना नेता येईल का?

डिसेंबरनंतर, अंगणातल्या मुक्कामाला, अवश्य न्या. दर दोन मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि त्याने त्या वेळात दुसरे कोणतेही काम करू नये.

मोबाईलला रेंज नसेल तर?

सत्तरी आणि सांगेच्या आतल्या भागात बऱ्याच ठिकाणी नसते. जागेचे नाव, नदी, जवळचा वाडा, बरोबरची माणसे आणि परतीची वेळ घरी कागदावर लिहून ठेवा. ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचे, हेही घरी सांगून जा. रेंज कुठल्या वळणावर मिळते हे गावकऱ्यांना विचारून घ्या.

रात्री पाणी वाढलेच तर काय करायचे?

सगळ्यांना उठवा, माणसे मोजा, हातात बॅटरी घ्या आणि संध्याकाळी उजेडात चालून पाहिलेल्या वाटेने वर जा. ती वाट संध्याकाळीच ठरवलेली असली पाहिजे आणि तिच्यावर व्हाळ ओलांडावा लागता कामा नये. तंबू, भांडी, गाडी सोडून द्या. गाडी आधीच परतीच्या दिशेला तोंड करून, उंच जागी लावलेली असावी. गुडघ्याएवढे वाहते पाणी माणसाला पाडते, म्हणून बुडालेला साकव किंवा रस्ता ओलांडू नका, चालतही नाही आणि गाडीतूनही नाही. तुटलेली वीजतार दिसली तर त्या बाजूचे ओले गवतही टाळा. वर पोहोचल्यावर पुन्हा माणसे मोजा, ११२ ला फोन करा आणि जवळच्या घराचे दार वाजवा. रात्री अडीच वाजता वाजवले तरी कोणी रागावणार नाही.

बेत रद्द कधी करावा?

घाटात पाऊस असल्याचे कळले, धरणातून विसर्ग चालू असला, जागेचा मालक सापडला नाही, किंवा गावातल्या एकाही माणसाने ‘आज नको’ म्हटले, तर त्याच क्षणी. कारण विचारले नाही तरी चालेल. संध्याकाळ काठावर घालवा, चहा घ्या, फोन नंबर घ्या आणि अंधार पडण्याआधी परत फिरा. पंधरा दिवसांनी त्याच माणसाला फोन करून विचारा.